शिंपलीची एकशे चाळीस वाक्यं

सोमवार, ४ सप्टेंबर

छापखाना बंद पडला त्या वर्षी दैनंदिनी सुटली ती सुटलीच. आज पुन्हा धरली. कारण आहे, आणि ते कारण सकाळी पावणेनऊला, म्हणजे पंधरा मिनिटं उशिरा, शाळेत रुजू झालं.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, खोलीत बोलावून सांगितलं, "इंग्रजी न येणारी मुलं यंदा अकरा झालीत. तुमच्यावर भार पडतोय. जोडीला एक सहायक देतेय."

"मी तशी तक्रार केली होती का?"

"नाही. मीच केली," त्या म्हणाल्या, आणि फाईल उघडून बसल्या. म्हणजे विषय संपला.

नवी बाई तिशी-पस्तिशीची. आधी कुठल्याशा पाळणाघरात होती. केस एका रबरात कसेबसे कोंबलेले, पिशवीचा एक बंद तुटून गाठ मारलेली. वर्गशिक्षिकेशी दहा मिनिटं इंग्रजीत बोलली. चार चुका. मी मोजल्या.

माझ्याबद्दल दोन ओळी लिहून ठेवतो. शिक्षण आठवी. इंग्रजी शिकलो ते छापखान्यात, बावीस वर्षं प्रुफं तपासत. औषधांची माहितीपत्रकं, कायद्याची पुस्तकं, एकदा तर अख्खा शब्दकोश, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. कुणी शिकवलं नाही, कुणाचे उपकार नाहीत. माझ्या हाताखालून चूक बाहेर गेली असं एकही मालक म्हणणार नाही. सहा वर्षांपूर्वी इथे वर्गसहायक झालो तेव्हा तोच नियम मुलांना लावला. चुकीचं वाक्य मुलाच्या तोंडून बाहेर पडता कामा नये. पडायच्या आत दुरुस्त झालं पाहिजे.

बुधवार, ६ सप्टेंबर

नव्या बाईला काम दाखवा, असा हुकूम. दाखवलं.

माझी शब्दकार्डं दाखवली. दहा बाय पंधरा सेंटीमीटर, कोपरे गोल कापलेले म्हणजे बोटाला लागत नाहीत. नाम निळ्या शाईत, क्रियापद लाल, बाकीचं काळं. ती म्हणाली, "बाई गं, किती सुंदर!" आणि एक कार्ड उलटं करून बघितलं. मागे काय असणार? मागे कोरं.

मग शिंपलीची गाठ घालून दिली. हे नाव मी ठेवलंय, मनातल्या मनात. नऊ वर्षांची, तिसरीत. गेल्या वर्षअखेरीला आईबापांबरोबर आली. त्यांची भाषा शाळेत एकालाही येत नाही. पोरगी ओठ मिटून बसलेली असते, म्हणून शिंपली. पण माझ्याजवळ उघडते. मी तिच्या डाव्या बाजूला बसतो, वर्गशिक्षिकेनं प्रश्न विचारला की उत्तराचं वाक्य तिच्या कानात हळूच सांगतो, ती ते म्हणते. लगेच मी निरीक्षणवहीत उतरवतो. प्रत्येक मुलाची अशी एक वही असते: तारीख, मूल काय म्हणालं, कधी म्हणालं. शिंपलीच्या वहीत आजवर ब्याण्णव वाक्यं आहेत. सगळी निर्दोष. कधी तिच्या तोंडून एखादा शब्द घरंगळलाच, तर उतरवताना मी तो जागेवर बसवतो. सवयीनं हात तसाच जातो.

नव्या बाईनं वही चाळली. "आणि तुम्ही कानात सांगितलं नाही तर?"

"तर कशाला बोलेल? तिला येत नाही म्हणून तर आपण आहोत."

वही मिटून ठेवली. ठेवणारच.

घरी हिला सगळं सांगितलं. ही शिवणाच्या यंत्रावर कुणाच्या तरी विजारी आखूड करत होती. पाय न थांबवता म्हणाली, "म्हणजे तुम्हाला सवत आली म्हणा की."

शुक्रवार, १५ सप्टेंबर

वार वाटून दिले. शिंपली सोमवार-बुधवार-शुक्रवार माझी, मंगळवार-गुरुवार नव्या बाईची. तीन माझ्याकडे, दोन तिच्याकडे. ज्येष्ठता मानली म्हणायची.

काल तिचा तास खिडकीपाशी चालला होता. मी माझ्या दोन मुलांना घेऊन पलीकडच्या टेबलावर. मुद्दाम ऐकत नव्हतो, पण कान काय बंद करता येतात? बाईनं शिंपलीपुढे बादलीचं चित्र ठेवलं, इंग्रजीत विचारलं, "हे काय आहे?" आणि गप्प. नुसती गप्प! मी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. अकरा सेकंद. अकरा सेकंद वर्गात किती लांब असतात ते शिकवणाऱ्यालाच माहीत. शिंपली खिडकीबाहेर बघतेय, ही बाईपण खिडकीबाहेर बघतेय, जशा काही दोघी बसची वाट पाहतायत. मला राहवेना. मी जागेवरूनच म्हणालो, "इट इज अ बकेट." शिंपलीनं लगेच म्हटलं, "इट इज अ बकेट." चोख.

मधल्या सुट्टीत बाई माझ्यापाशी आली. "सर, ती सांगणार होती हो."

"कशावरून?"

"तिनं श्वास घेतला होता."

श्वास! माणूस जिवंत असला की श्वास घेतोच. हे शास्त्र पाळणाघरात शिकवतात वाटतं.

मंगळवार, २६ सप्टेंबर

आज जे बघितलं ते खरंखुरं लिहायचं तर लिहितो.

साडेदहाच्या सुमारास वर्गात कुणीतरी हसलं. बारीक, उंच आवाज, पत्र्यावर गोट्या सांडाव्यात तसा. मला वाटलं बाहेरच्या ओसरीतलं कुणी असेल. वळून बघितलं तर शिंपली. माझ्याजवळ ती नऊ महिने बसतेय. तिच्या हसण्याचा आवाज मला ओळखू आला नाही, कारण मी तो कधी ऐकलाच नव्हता.

झालं होतं असं, की नवी बाई बादलीला शिंपलीच्या भाषेत काय म्हणतात ते विचारत होती. शिंपलीनं एक शब्द सांगितला. बाईनं तो म्हटला, वाकडातिकडा. शिंपलीनं मान हलवून पुन्हा सांगितला. बाईनं पुन्हा चुकवला. असं पाच वेळा. पाचव्या वेळी पोरगी हसत सुटली, आणि तोंडावर हात ठेवून चक्क तिनं बाईच्या ओठांना बोट लावलं, असं नाही, असं, म्हणून.

शिक्षकानं विद्यार्थिनीकडून शिकायचं, तेही चुकत चुकत, अख्ख्या वर्गादेखत! मी आयुष्यात माझी चूक कुणाला दिसू दिली नाही. रात्रभर शब्दकोश चाळला, पण दुसऱ्या दिवशी शब्द बरोबर घेऊन गेलो.

जेवताना हिला सांगितलं. ही म्हणाली, "मग तुम्हीपण विचारा की एखादा शब्द."

"मी? कशाला?"

"हसेल तुमच्यासमोर."

मला हसवायला ठेवलेलं नाही, म्हटलं. आमटीत मीठ जास्त झालं होतं. तेही सांगितलं.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

दोन रविवार खर्चून शिंपलीसाठी खास साठ कार्डं केली होती. घर, भांडी, कपडे, शरीराचे अवयव. प्रत्येकावर चित्र, शब्द, खाली एक वाक्य. सोमवारी दिली तर तिनं ती रंगांप्रमाणे लावून ठेवली, कडेला कड जुळवून, आणि बोट तोंडात घालून बसली. नीटनेटकी आहे, आवडलं मला.

आज बघतो तर काय! त्या दोघींनी कार्डं उलटी केलीयत आणि मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं चित्रं काढतायत. माझ्या कार्डांच्या पाठीवर! शिंपलीनं काढलेली बाई म्हणजे एक वाटोळं तोंड नि वर रबरातून सुटलेले केस. आणि शिंपली काहीबाही पुटपुटत होती. मी जवळ गेलो तशी थांबली. शिंपला मिटतो ना, अगदी तसं.

सुट्टीत नव्या बाईची निरीक्षणवही टेबलावर होती. मी उघडली. वाचून अंगाला काटा आला. "बकेट." "वॉटर नो. वॉटर गो." "मॅडम हेअर इज फनी फनी." अशा भाषेत शाळेचं दफ्तर? मी लाल पेन्सिल काढली आणि दोन पानं दुरुस्त केली.

बाईनं बघितलं. आवाज चढवला नाही, पण कान लाल झाले होते. "सर, हे तिचं आहे. माझं नाही. तिनं म्हटलं तसंच उतरवायचं असतं ना?"

"चूक कुणाचीही असो, वहीत राहता कामा नये."

"का?"

हा काय प्रश्न झाला? आग गरम का असते, असं विचारण्यासारखं आहे. तिनं खोडरबर काढलं आणि माझे लाल शेरे एकेक करून पुसत बसली. अर्धी सुट्टी पुसत होती. डबासुद्धा खाल्ला नाही. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. डब्याचं.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

शिक्षण खात्याच्या कचेरीतून पत्र आलं. ८ नोव्हेंबरला तपासनीस येणार, शिंपलीला बघायला. वर्षभरात आपणहून न बोलणाऱ्या मुलांचं ते ठरवतात: इथे तिसरीत ठेवायचं की शहराच्या दुसऱ्या टोकाच्या खास शाळेत पाठवायचं. त्या शाळेत ज्यांना ऐकू कमी येतं, ज्यांची समज कमी आहे, अशी मुलं असतात. एकदा तिथे गेलेलं मूल परत आलेलं मी सहा वर्षांत बघितलेलं नाही.

मोठ्या बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. "खोलीत तपासनीस, मुलगी आणि एक सहायक. सहायकानं बोलायचं नाही, नुसतं बसायचं. ओळखीचं माणूस जवळ असावं म्हणून. कोण बसणार?"

"मी," मी म्हणालो. नवी बाई तोंड उघडायच्या आत. "ती माझ्याशी बोलते. वहीत आहे."

नवी बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "सर, तुम्हाला तिच्याशेजारी बसायचंय, की तिला तुमच्या?"

"मी इथे सहा वर्षं आहे."

"ते आहेच."

मोठ्या बाईंनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं, आणि वहीतला वाक्यांचा आकडा बघून माझं नाव लिहिलं. बाहेर आल्यावर जिन्यात नवी बाई थांबली. "ठीक आहे सर, तुम्ही बसा. एक करा. तोवर तिच्या कानात सांगणं बंद करा. नाहीतर त्या दिवशी ती वाट बघत बसेल."

"कुणाची?"

"तुमची."

मी म्हटलं, बाई, मला माझं काम शिकवू नका. आणि खरं सांगायचं तर जिना उतरताना मला शीळ घालावीशी वाटली. शेजारची खुर्ची माझी होती.

गुरुवार, २ नोव्हेंबर

काल शिंपलीचं एकशे चाळिसावं वाक्य. "माय फादर गोज टू वर्क इन द मॉर्निंग अँड कम्स होम इन द इव्हनिंग." अकरा पानं भरली, एकही खाडाखोड नाही. मालकाला दाखवावी अशी वही.

नव्या बाईकडे ती आज अर्धा तास झाडांना पाणी घालत होती. अभ्यास म्हणे!

बुधवार, ८ नोव्हेंबर

लिहायला हात होत नाही. पण तारीख टाकलीय, आता लिहितो.

तपासनीस साठीकडे झुकलेले, मृदू बोलणारे. कसलाही दरारा नाही. शिंपली मधे, मी तिच्या डाव्या हाताला, एक हात अंतरावर. त्यांनी चित्र पुढे केलं: एक बाई खिडकी पुसतेय. इंग्रजीत विचारलं, ही काय करतेय?

शिंपलीनं माझ्याकडे बघितलं.

तिनं डोकं किंचित माझ्याकडे कलतं केलं, डावा कान पुढे. रोज करते तसं. मी ओठ मिटून बसलो होतो. नियम होता. ती थांबली. तिला वाटलं असेल मला ऐकू आलं नाही, म्हणून तिनं खुर्ची थोडी माझ्याकडे सरकवली. तपासनिसांनी दुसरं चित्र काढलं. ती माझ्या ओठांकडे बघत होती. तिसरं. चौथं. बारा चित्रं झाली. एवढा वेळ तिनं एकदाही चित्राकडे बघितलं नाही. शेवटी तिनं माझ्या बाहीचं टोक धरून हळूच ओढलं. बंद पडलेली घंटा ओढून बघावी तसं.

तपासनिसांनी माझी वही उघडली, आणि बराच वेळ वाचत बसले.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

तपासनिसांचं म्हणणं मोठ्या बाईंनी ऐकवलं. "नुसतं न बोलणारं मूल असतं तर मी थांबलो असतो. पण या वहीप्रमाणे ही मुलगी दहा महिन्यांपूर्वीपासून पूर्ण, शुद्ध वाक्यं बोलतेय, आणि काल एक शब्द नाही. आलेली भाषा अशी जात असेल तर हा इंग्रजीचा प्रश्न नाही. खास शाळेची शिफारस करतो." आईबापांना सोमवारी बोलावलंय. सोमवारपर्यंत सहायकांना काही सांगायचं असेल तर लेखी द्या.

मी उभ्या उभ्याच म्हणालो, "सांगायचंय. नवी बाई येण्याआधी ही मुलगी रोज बोलत होती. दोन प्रकारच्या शिकवण्यानं ती गोंधळलीय. बाईंच्या वहीतच पुरावा आहे. चुकांनी भरलीय ती वही."

मोठ्या बाई म्हणाल्या, "मग तेच लेखी द्या."

मी नव्या बाईकडे वही मागितली. तिनं विचारलं नाही कशाला. दिली. डोळे सुजलेले होते. वर म्हणाली, "नीट वाचा हं सर. तुम्ही नीट वाचता."

रविवार, १२ नोव्हेंबर

सकाळी आठला आंघोळ करून बसलो. कोरा कागद, पट्टी, लाल पेन्सिल. तक्रार करायची तर मोघम करायची नाही. आकडे द्यायचे. डाव्या बाजूला माझ्या वहीची पानं, उजवीकडे तिच्या. प्रत्येक पानासमोर चुकांची संख्या.

माझ्या वहीचं काम पाच मिनिटांत झालं. शून्य, शून्य, शून्य, अकरा वेळा शून्य.

तिची वही घेतली. पहिलं पान: चूक एकही नाही. कारण पानावर शब्दच नव्हता. "आज बोलली नाही. बादलीकडे बोट दाखवलं," एवढंच. दुसरं पान: एक. तिसरं: तीन. मग पाच, सात, सात, दहा. शेवटच्या पानावर, ७ तारखेच्या, एकोणीस. मी मनात खूश होत होतो. बघा, बाईच्या हाताखाली पोरगी कशी बिघडत गेली!

ही चहा घेऊन आली. हिला इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडे येतात. माझ्या खांद्यावरून बघत म्हणाली, "ही शून्यं कुणाची?"

"माझी."

"आणि हे वाढत गेलेले?"

"तिचे."

"मग पोरगी बोलली कुठल्या वहीत?"

चहा ठेवून गेली यंत्रावर. मी "तुला काय कळतंय त्यातलं" असं म्हणायला तोंड उघडलं आणि लाल पेन्सिल खाली ठेवली.

पुन्हा वाचली बाईची वही. आता चुका मोजल्या नाहीत, वाचली. सप्टेंबरात बोट दाखवणं. मग एक शब्द. मग दोन शब्द चिकटवलेले. ऑक्टोबरात "नो" सगळीकडे, मग "नो" योग्य जागी सरकायला लागलेला. शेवटच्या पानावर, पुन्हा झाडांना पाणी घालताना, "धिस ट्री ड्रिंक, धिस ट्री नो ड्रिंक, धिस ट्री इज सॅड, मॅडम." चुका वाढत गेल्या होत्या, कारण बोलणं वाढत गेलं होतं. आंधळ्यालाही दिसेल इतकं ते स्वच्छ होतं, आणि बावीस वर्षं वाचण्याचा पगार मी घेतला.

मग माझी वही. जानेवारीचं वाक्य आणि नोव्हेंबरचं वाक्य. तारखा झाकल्या तर पहिलं कुठलं नि शेवटचं कुठलं, मला सांगता येईना. छापखान्यात पहिलं प्रूफ, खाडाखोडीनं बरबटलेलं, मालक काम संपेपर्यंत फेकू देत नसे. मजकूर काय होता नि कुणी काय केलं ते त्यावरूनच कळतं, म्हणायचा. मी पोरीचं पहिलं प्रूफच ठेवलं नाही. ठेवणार कुठून? मजकूर तिचा नव्हताच. एकशे चाळीसही वाक्यं मी बोललो होतो. तिनं माझ्या तोंडाजवळून ती उचलली आणि टेबलापलीकडे नेऊन ठेवली.

या वहीच्या जोरावर पोरगी शहराच्या दुसऱ्या टोकाला चाललीय.

एवढं कळूनही पहिला विचार काय आला सांगू? हे कळल्यावर नवी बाई किती खूश होईल, हा. माझ्या पोटात तेच दुखत होतं, आणि सगळ्यात जास्त तेच. असा मी आहे. दुपारी जेवलो नाही. हिनं विचारलं नाही.

सोमवार, १३ नोव्हेंबर

साडेआठला मोठ्या बाईंच्या दारात. आईबाप यायला अर्धा तास होता.

"लेखी आणलंत?"

"आणलंय. पण नव्या बाईंबद्दल नाही." दोन्ही वह्या पुढे ठेवल्या. "माझ्या वहीतली वाक्यं शिंपलीची नाहीत."

"कुणाची?"

"मुलीची नाहीत, म्हणायचंय मला. माझी आहेत. मी कानात सांगितली, तिनं म्हटली. जिथे चुकली तिथे लिहिताना मी सुधारली. तिची भाषा गेलेली नाही. ती कशी येतेय ते या दुसऱ्या वहीत आहे. तपासनिसांना ही दाखवा."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "सहा वर्षं असंच?"

"असंच."

"बाकीच्या मुलांच्या वह्याही?"

तोपर्यंत बाकीच्या वह्यांचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. देवाशपथ आला नव्हता. मी खुर्चीची पाठ धरली.

"त्याही," मी म्हणालो.

त्या म्हणाल्या, "हे लिहून द्याल?" मी खिशातून कागद काढला. सुवाच्य अक्षरात, समास सोडून, लिहिलेला होता. वाचून त्या हसल्यासारख्या झाल्या. "कबुलीजबाबालासुद्धा समास सोडलाय!"

मोठ्या बाईंनी तपासनिसांसाठी छायाप्रत काढून घेतल्यावर नव्या बाईला ओसरीत वही परत केली. म्हटलं, "सगळी वाचली. चूक नाही." तिनं शेवटचं पान उघडलं. मग म्हणाली, "एकोणीस आहेत हो शेवटच्या पानावर. मीपण मोजल्यात." तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा लवलेश नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मंगळवार, २१ नोव्हेंबर

तपासनीस पुन्हा आले. शेजारी नवी बाई. मी बाहेर ओसरीत, दाराच्या काचेतून. आवाज येत नव्हता. शिंपलीची पाठ दिसत होती. पहिल्या चित्राला ती हलली नाही. तपासनीस थांबले, बाई थांबली, मी ओसरीत थांबलो. मी घड्याळ बघितलं नाही. शपथेवर सांगतो, काचेच्या अलीकडे माझे ओठ आपोआप हलायला लागले होते. मी ते दातांखाली धरले.

मग तिचे खांदे वर उचलले गेले. श्वास.

ती अठरा मिनिटं आत होती. तपासनीस बाहेर येताना स्वतःशीच मान हलवत होते, हलवत म्हणजे होकारार्थी. ती तिसरीतच राहणार. आई ओसरीच्या टोकाला उभी होती. मोठ्या बाईंनी हातानं जमिनीकडे बोट दाखवून "इथेच" अशी खूण केली, तशी ती मटकन खालीच बसली.

शिंपली धावत आली ती नव्या बाईच्या कमरेला मिठी मारायला. माझ्यासमोरून. मी बाजूला झालो. मला आनंद झाला होता. आणि असंही वाटलं, की कुणीतरी माझ्याच घरातून माझं ताट उचलून नेलंय. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही लिहितो.

सोमवार, २७ नोव्हेंबर

नवी व्यवस्था. भाषेच्या गटाची जबाबदारी नव्या बाईकडे. मी त्यांच्या हाताखाली, सत्र संपेपर्यंत. पुढचं मोठ्या बाई बघणार. अकराही मुलांच्या वह्या कोऱ्या, नव्यानं सुरू. हिला सांगितलं तर म्हणाली, "सवत आता सासू झाली." हसलो. बऱ्याच दिवसांनी.

पहिला तास. नवी बाई मोठ्या बाईंकडे गेलेली, म्हणाली पाच मिनिटं शिंपलीजवळ बसा, काही शिकवू नका. मी खिडकीपाशी गेलो, तिच्या समोरच्या खुर्चीवर बसलो. खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर बघण्यासारखं काही नाही, एक सायकलींची रांग. मला वाटलं आठ-दहा सेकंद झाली असतील. घड्याळाकडे पाठ होती. जिभेच्या टोकावर तीन वाक्यं येऊन गेली, तिन्ही गिळली.

शिंपलीनं माझ्याकडे बघितलं. कान पुढे केला नाही. मग श्वास घेऊन, कपाळाला आठ्या घालून, मला म्हणाली:

"यू नो सिट. धिस मॅडम चेअर. मॅडम कमिंग, यू गो."

दहा शब्द. मी कानात सांगितलेले नव्हेत. जगात कुणीच सांगितलेले नव्हेत. मी उठलो, भिंतीला टेकून उभा राहिलो आणि वहीत उतरवले. जसेच्या तसे. हात दोनदा थांबला, पण उतरवले.

नवी बाई आली. "उभे का सर?"

"हाकललं तिनं मला." वही दाखवली.

बाई वाचून खळखळून हसली. मग पुन्हा वाचलं. बोटानं शब्द मोजले, एकदा, दोनदा. हसू हळूहळू ओसरलं.

"दहा," ती म्हणाली. "सलग. माझ्याशी पाच-सहाच्या वर कधी गेली नाही हो ती एका दमात. झाडांच्या वेळीसुद्धा मधे मधे थांबत होती."

"रागात होती ना," मी म्हणालो. "माणूस रागात भडाभडा बोलतो."

"हो, ते आहेच," ती म्हणाली, पण वही लगेच परत दिली नाही. खालचा ओठ जरा पुढे आला होता, आणि नजर शिंपलीवरून माझ्यावर, माझ्यावरून पुन्हा त्या ओळीवर जात होती. तो चेहरा मी चांगला ओळखतो. सप्टेंबरपासून रोज सकाळी दाढी करताना तोच बघत आलोय.

मी तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. म्हटलं, "बसा बाई. येईल तुमच्यावरही राग."